व्हर्जिनिया विद्यापीठातील विद्यार्थिजीवन (एकोणिसावे शतक)

अमेरिकेचे माजी अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी १८१९ मध्ये शार्लट्सव्हिल येथे हे विद्यापीठ स्थापन केले. वर्ग ७ मार्च १८२५ रोजी सुरू झाले. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी कॉलेजांत सक्तीची प्रार्थना, ठरलेला अभ्यासक्रम आणि शिक्षकांची सततची पाळत असे. जेफरसन यांनी हे सारे बाजूला सारले. विषय विद्यार्थ्याने निवडावेत आणि शिस्तही त्यानेच सांभाळावी, असा त्यांचा आग्रह होता. आवारात मानाची जागा चर्चला न देता त्यांनी ती घुमटाच्या ग्रंथालयाला, म्हणजे रोटुंडाला दिली. समोरच्या हिरवळीच्या दोन्ही अंगांना प्राध्यापकांची दहा घरे आणि त्यांच्यामध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या. ज्यांचे व्याख्यान बुडवायचे, त्यांच्याच दारावरून ये-जा करावी लागे.

मुले बहुतांशी दक्षिणेकडील मळेवाल्यांची होती. घरी त्यांना हुकूम सोडण्याची सवय होती, ऐकण्याची नव्हती. स्वतःचे गुलाम आणायला बंदी होती. पण पाणी भरणे, लाकडे आणणे, बूट पुसणे ही कामे खानावळवाले व प्राध्यापक यांच्याकडील गुलामच करीत आणि विद्यार्थ्यांचा मारही खात.

स्वयंशिस्तीचा फुगा पहिल्याच वर्षी फुटला. १८२५ च्या शरद ऋतूत मुखवटे घातलेल्या मुलांनी हिरवळीवर धिंगाणा घातला. 'युरोपी प्राध्यापक चालते व्हा' अशा आरोळ्या उठल्या, अडवायला आलेल्या प्राध्यापकांवर विटा फेकल्या गेल्या. रोटुंडात सर्व विद्यार्थ्यांची सभा भरली. मंचावर अमेरिकेचे आणखी एक माजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन होते आणि ८२ वर्षांचे जेफरसनही. जेफरसन बोलायला उठले, पण त्यांना शब्द फुटेना. दुसऱ्याला बोलायला सांगून ते खाली बसले. त्यानंतर दोषी मुले एकेक करून पुढे आली. काढून टाकलेल्यांत जेफरसन यांच्या नात्यातला एक जण होता.

मग नियमांचा पाऊस पडला. पहाटे उठणे, करड्या कापडाचा गणवेश, दारू, जुगार व हत्यारे यांना बंदी. नियम होते म्हणून ते पाळले जात, असे मात्र नाही. १८२६ मध्ये येथे शिकलेला आणि पुढे कवी व कथाकार म्हणून गाजलेला एडगर ॲलन पो भाषांमध्ये चमकला, पण जुगाराचे कर्ज करून वर्षअखेरीस निघून गेला. रात्री पत्र्याची शिंगे फुंकत गोंगाट करीत फिरण्याला विद्यार्थी 'कॅलाथम्प' म्हणत.

१२ नोव्हेंबर १८४० च्या रात्री हा खेळ जिवावर बेतला. कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस दंगा ऐकून घराबाहेर आले. मुखवटा घातलेल्या एका विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचे आवरण ओढायला गेले असता त्याने त्यांच्यावर गोळी झाडली. दोन दिवसांनी ते वारले. मारेकऱ्याचे नाव सांगायला त्यांनी नकार दिला. तो पकडला गेला, पण जामिनावर सुटून फरार झाला.

डेव्हिस यांच्या जागी आलेल्या हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी १८४२ मध्ये ठराव मांडला: परीक्षेत आपण कोणाचीही मदत घेतलेली नाही, असे विद्यार्थ्याने आपल्या सन्मानाला स्मरून उत्तरपत्रिकेवर लिहून द्यावे. पहाऱ्याऐवजी शब्दावर विश्वास, ही जेफरसन यांची मूळ कल्पना अशी आडवाटेने परत आली. ती टिकली याचे एक कारण असे की, दक्षिणेतील 'सभ्य गृहस्थ' सन्मानासाठी द्वंद्वयुद्धालाही तयार असे. त्या सन्मानात खोली झाडणाऱ्या गुलामाला अर्थातच जागा नव्हती.

वर्गाबाहेर मोठी ओढ वादसभेची होती. जुलै १८२५ मध्ये विद्यार्थ्यांनीच काढलेल्या जेफरसन सोसायटीत पो सभासद होता. पुढे कायदा शिकायला आलेले वुड्रो विल्सन (नंतर अमेरिकेचे अध्यक्ष) या सोसायटीचे अध्यक्ष झाले. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात (१८६१-६५) बरेच विद्यार्थी दक्षिणेच्या सैन्यात भरती झाले. युद्धानंतर बेसबॉल आणि अमेरिकी फुटबॉलने मैदान व्यापले. पदवीच्या नियमित वर्गांत मुलींना शतकभर प्रवेश नव्हताच.

२७ ऑक्टोबर १८९५ रोजी रोटुंडाला आग लागली. विद्यार्थ्यांनी धुरातून पुस्तके बाहेर काढली आणि जेफरसन यांचा जड संगमरवरी पुतळाही ओढत आणून हिरवळीवर ठेवला.