टाक्याची सुई का वाकते: पोलादाची पार्श्वभूमी

सुश्रुतसंहितेत जखम शिवायला सांध्यांसाठी दोन अंगुळांची गोल, मांसल भागासाठी तीन अंगुळांची त्रिधारी आणि पोटासाठी धनुष्यासारखी वाकडी सुई सांगितली आहे. आकाराचा विचार इतका जुना. धातूचा मात्र अलीकडचा. नेढ्याच्या कार्बन पोलादी सुया गंजत, म्हणून त्यांना निकेलचा मुलामा देत. 1913 नंतर स्टेनलेस आलं. गंजाचा प्रश्न बराचसा मिटला, वाकण्याचा राहिला.

स्टेनलेसच्या 420 ग्रेडमध्ये साधारण 13 टक्के क्रोमियम, निकेल जवळपास नाही. ते हार्डनिंगने, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर, कडक होतं. वाळूजच्या हीट ट्रीटमेंटमध्ये राबलेल्यांना हे सांगायला नको. 302 आणि 304 मध्ये 18 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, 8 टक्के निकेल. ती तार ओढतानाच कडक होतात. पुढचं 455 हे निकेल, टायटॅनियम, तांबं मिसळलेलं स्टेनलेस. एजिंगनंतर, म्हणजे ठरावीक तापमानाला काही तास ठेवल्यावर, ते 420 पेक्षा ताकदवान होतं आणि वाकलं तरी लवकर तुटत नाही.

खरा घोळ ‘ताकद’ कशाला म्हणायचं याचा. 1998 मध्ये अमेरिकेत बेंड टेस्टची प्रमाण पद्धत ठरली. सुई पकडून 90 अंशांपर्यंत वाकवायची आणि लागणारा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, मोजायचा. त्यातून दोन आकडे निघतात: कायमचा बाक पडायला सुरुवात होते तो, आणि सर्वाधिक मोमेंटचा. जाहिरातीत दुसरा मिरवतो. माझ्या मते सर्जनच्या कामाचा पहिला, कारण बाक पडला की टोकाची दिशा बदलते. शिवाय तुटण्याआधी सुई किती वेळा वाकून सरळ होते, हा हिशेब वेगळाच. अनेकांना पटत नाही, पण ग्रेड बदलून सुईचा ताठरपणा फारसा वाढत नाही. सगळ्या पोलादांचा लवचीकतेचा गुणांक, म्हणजे ताण दिल्यावर किती लवायचं ते, जवळपास सारखाच. मिश्रधातूने वाढते ती बाक पडण्याची मर्यादा. ताठरपणा हवा तर जाडी वाढवा: व्यास दुप्पट, ताठरपणा सोळापट. पण मग भोकही मोठं.

ऊसतोड कामगाराच्या तळहातावर कोयता लागला की हे सगळं एकदम समोर येतं. घट्टे पडलेली कातडी, बारीक सुई, आणि नीडल होल्डरच्या, म्हणजे सुई धरायच्या चिमट्याच्या, जबड्याजवळ पडलेला बाक. तीच सुई दाबून सरळ करतात. तिथेच ती कमजोर होते, दुसऱ्यांदा वाकली की तुटते. तुकडा आत राहिला तर आधी एक्स-रे, मग शोध.

पाकिटावर लांबी, बाक, टोकाचा प्रकार असतो. ग्रेड सहसा नसतो. खरेदीच्या निविदेत ग्रेड आणि दोन्ही मोमेंट लेखी मागायला हवेत. धाग्याकडच्या टोकाला मात्र कोणताच ग्रेड पुरत नाही. धागा बसवायला ते पोखरलेलं असतं, म्हणून सुई त्याच्या पुढेच पकडायची.