लिनक्सवरून विंडोज शेअर उघडणे : अडचणी व निदान

विंडोज संगणकाने नेटवर्कवरील इतरांसाठी खुल्या केलेल्या फोल्डरला शेअर म्हणतात. लिनक्स संगणकावरून तो उघडताना तक्रारी साधारण तीन तऱ्हेच्या असतात : शेअर दिसतच नाही, दिसतो पण उघडत नाही, आणि उघडतो पण त्यात काही लिहिता येत नाही. दोन्ही यंत्रांमधला संवाद सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजेच एसएमबी, या प्रोटोकॉलने (संवादाच्या ठरलेल्या नियमांनी) चालतो. या निदानातली खरी अडचण अशी, की पडद्यावर उमटणारा संदेश एकीकडे बोट दाखवतो आणि बिघाड असतो दुसरीकडे. म्हणून संदेश वाचून सेटिंग बदलत सुटण्याआधी संवाद कुठल्या टप्प्यावर तुटला ते शोधावे लागते. यंत्रापर्यंत पोहोचणे, पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) उघडे असणे, प्रोटोकॉलच्या आवृत्तीवर एकमत होणे, ओळख पटणे, परवानगी मिळणे आणि शेवटी लिनक्सने ती फाईल आपल्या वापरकर्त्याच्या हाती देणे, असे हे टप्पे आहेत.

एसएमबीचा जन्म १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांच्या हातून झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला आणि १९९६ मध्ये त्याला सीआयएफएस हे नाव दिले. ते नाव मागे पडले, पण लिनक्सच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या) एसएमबी मोड्यूलला ते अजून चिकटून आहे. १९९१ च्या अखेरीस कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी नेटवर्कवरून जाणारी पाकिटे (माहितीचे तुकडे) निरखत स्वतःचा सर्व्हर लिहायला घेतला. त्याचेच पुढे सांबा, म्हणजे लिनक्ससारख्या यंत्रणांना एसएमबी बोलता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर, झाले. एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेला शब्द शब्दसूचीत शोधताना हे नाव सापडले. प्रोटोकॉलची अधिकृत कागदपत्रे सांबाच्या हाती आली ती थेट डिसेंबर २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या युरोपातील मक्तेदारीविरोधी खटल्यानंतर. इतकी वर्षे केवळ ऐकून ऐकून शिकलेली ही भाषा आज जगभरच्या कचेऱ्यांत बिनबोभाट चालते, ही मोठीच कामगिरी आहे.

पहिली तक्रार ‘नेटवर्क’ हा विभाग रिकामा दिसण्याची. त्यात बहुधा बिघाड नसतोच. जुन्या काळी शेजारचे संगणक नेटबायॉस या जुन्या नेटवर्क-पद्धतीच्या हाकाऱ्यांवरून सापडत, आणि ती यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. ती आवृत्ती बंद झाली तशी यादीही गेली. नवे विंडोज शोधासाठी वेगळी पद्धत वापरते आणि लिनक्सच्या फाईल मॅनेजरांना ती बरीच वर्षे कळत नव्हती. अशा वेळी यादीची वाट पाहू नये. पत्त्याच्या पट्टीत एसएमबी, अपूर्णविराम, दोन स्लॅश आणि त्यापुढे विंडोज संगणकाचा आयपी पत्ता लिहावा. विंडोजमध्ये उलटी स्लॅश चालते, इथे सरळ द्यायची. शिवाय द्यायचे ते शेअरचे नाव, डिस्कवरचा मार्ग नव्हे. सी ड्राइव्हमधल्या चार फोल्डरांच्या आत असलेला फोल्डर ‘हिशेब’ या नावाने शेअर केला असेल, तर नेटवर्कला फक्त ‘हिशेब’ ठाऊक असते.

पिंगला (यंत्र जागे आहे का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर आले नाही म्हणून यंत्र बंद आहे असे समजू नये. विंडोजची फायरवॉल पिंगला सहसा उत्तर देतच नाही. तपासायचे ते ४४५ क्रमांकाचे टीसीपी पोर्ट. विंडोज २००० पासून एसएमबी थेट याच पोर्टावर चालतो, त्याआधी तो १३९ वर नेटबायॉसच्या आधाराने चालत असे. ४४५ बंद आढळल्यास विंडोजकडे जाऊन एकच गोष्ट आधी पाहावी : ते नेटवर्क ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले आहे का? राउटर बदलला की विंडोज नव्या जोडणीला अनेकदा सार्वजनिक ठरवते आणि फाईल शेअरिंगचे दार लावून घेते. काल चालत होते, आज चालत नाही, मधे कुणी काहीच केले नाही, अशा तक्रारीत राउटर बदलल्याचे कुणाच्या लक्षातही नसते. नेटवर्क ‘खासगी’ केले की काम होते. फायरवॉलच बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये.

सर्वांत फसवा संदेश ११२ क्रमांकाचा : ‘होस्ट इज डाउन’. समोरचे यंत्र चालू, पोर्ट उघडे, शेजारच्या विंडोजवरून तोच फोल्डर उघडतो, आणि लिनक्स मात्र सांगते की यंत्र बंद आहे. प्रत्यक्षात इथे दोन यंत्रे एकमेकांशी बोलतात, पण प्रोटोकॉलच्या कुठल्याच आवृत्तीवर त्यांचे जमत नाही. हे समजायला २०१७ या वर्षाकडे जावे लागते. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील गंभीर छिद्र बुजवणारी दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू तुटून पडला आणि ब्रिटनची सरकारी रुग्णालयेसुद्धा ठप्प झाली. त्याच वर्षी आलेल्या लिनक्स कर्नल ४.१३ ने माउंटची (शेअर लिनक्सच्या फोल्डरांत जोडण्याची) मूळ निवड पहिल्या आवृत्तीवरून तिसरीवर नेली. विंडोज १० ची नवी प्रतही पहिली आवृत्ती न बसवता येऊ लागली. सांबानेही २०१९ मधील ४.११ मध्ये पहिली आवृत्ती मुळातच बंद ठेवली. त्यामुळे एका बाजूला जुने यंत्र आणि दुसऱ्या बाजूला नवे असले की हा संदेश येतो. विंडोज एक्सपीला पहिल्या आवृत्तीपलीकडचे काही येतच नाही. माउंट करताना ‘व्हर्स’ या पर्यायात १.० लिहिले की एक्सपीचा फोल्डर उघडतो हे खरे. पण कारखान्यातल्या एखाद्या मशीनला जोडलेला, बदलताच न येणारा संगणक सोडला तर हा मार्ग घेऊ नये, आणि घ्यावाच लागला तर ते यंत्र बाकीच्या नेटवर्कपासून तोडून ठेवावे.

१३ क्रमांकाचा ‘परमिशन डिनाइड’ तसाच मोघम आहे. पासवर्ड चुकला तरी हाच येतो आणि पासवर्ड बरोबर पण अधिकार नाही तरी हाच. इथे एसएमबीक्लायंट हा छोटा प्रोग्राम कामाला येतो, कारण तो कर्नलला मधे न घेता स्वतःच विंडोजशी बोलतो आणि विंडोजचे उत्तर जसेच्या तसे दाखवतो. ‘लॉगऑन फेल्युअर’ म्हणजे ओळखच पटली नाही. ‘बॅड नेटवर्क नेम’ म्हणजे ओळख पटली, शेअरचे नाव चुकले. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणजे नावही बरोबर, पण अधिकार नाही. एसएमबीक्लायंट आत जातो आणि माउंट मात्र होत नाही, असे असेल तर दोष माउंटच्या पर्यायांत शोधावा आणि कर्नलच्या नोंदी वाचाव्यात.

ओळख न पटण्याचे आज सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पिन. रोज चार आकडे दाबून विंडोज उघडणाऱ्याला तोच आपला पासवर्ड वाटतो. तो पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर वापरकर्ता म्हणून पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. वापरकर्त्याच्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरे नाव म्हणून मिळतात, त्यामुळे गोंधळात भर पडते. पासवर्डच नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. लहान कचेरीत मला सर्वांत बरा वाटणारा उपाय असा : विंडोजवर फक्त शेअरसाठी एक वेगळे स्थानिक खाते काढावे, त्याला पासवर्ड द्यावा आणि लागतील तेवढेच फोल्डर त्याला खुले करावेत. ‘पाहुणा’ म्हणून सर्वांना मोकळे सोडण्याची जुनी सवय आता टिकणारही नाही. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये प्रो आणि त्यावरील प्रकारांत प्रत्येक पाकिटावर स्वाक्षरी सक्तीची झाली आहे आणि पाहुण्याच्या सत्राला स्वाक्षरी करता येत नाही.

अधिकारांचे विंडोजमध्ये दोन पदर असतात, एक शेअरचा आणि दुसरा डिस्कवरील फोल्डरचा. दोहोंपैकी जो कडक तो लागू होतो. शेअरवर ‘सर्वांना पूर्ण अधिकार’ दिले तरी फोल्डरवर वाचण्यापुरतीच परवानगी असेल तर लिहिता येणार नाही.

हे सगळे जमल्यावरही फाईल जतन होत नाही, तेव्हा कारण लिनक्सच्या बाजूला असते. माउंट रूटने, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याने, केला की सगळ्या फायली रूटच्या मालकीच्या दिसतात. विंडोज लिहू द्यायला तयार असते, लिनक्सच आपल्या वापरकर्त्याला अडवते. माउंट करताना ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’ या पर्यायांत त्या वापरकर्त्याचे क्रमांक दिले की हे सुटते. माउंट झाल्यावर परवानग्या बदलणाऱ्या आज्ञा देत बसून फारसा उपयोग होत नाही. पासवर्ड आज्ञेतच न लिहिता वेगळ्या फाईलमध्ये ठेवावा आणि ती फाईल फक्त रूटला वाचता येईल अशी करावी. सुरक्षिततेइतकेच याला आणखी एक कारण आहे : पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल तर माउंट तिथेच पर्याय संपला असे समजते आणि पुन्हा तोच १३ क्रमांक पुढे येतो.

मराठी नावांच्या फायलींबाबत एक अडचण क्वचितच कुठे नोंदलेली दिसते. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली तर माउंटमध्ये ‘आयओकॅरसेट’ हा पर्याय यूटीएफ-८ करावा. पण नावे नीट दिसत असूनही काही फायली लिनक्सच्या डिस्कवर उतरत नाहीत आणि नाव फार लांब असल्याचा संदेश येतो. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर नावाची मर्यादा २५५ एककांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक एकक घेते. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे आणि तिथे प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘कार्यालयीन’ हा एकच शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो. ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेले की प्रत अडते. सरकारी पत्राचा पूर्ण विषयच फाईलचे नाव म्हणून देण्याची आपल्याकडची पद्धत पाहता ही हद्द सहज ओलांडली जाते, आणि मग शेअर, पासवर्ड, फायरवॉल सगळे ठीक असताना शंभर फायलींतल्या नेमक्या सात-आठ मागे राहतात. विंडोजवरच त्यांची नावे आखूड केली की त्या उतरतात.