तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर?

‘सॉफ्टवेअरमध्ये तेरीज जुळली, म्हणजे हिशेबात चूक नाही’ हे वाक्य कॉमर्सच्या वर्गापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत फिरत असतं. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी (ट्रायल बॅलन्स); ती जुळली की तसं वाटणं साहजिकच आहे. पण तेरीज एवढंच सांगते की नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाजूंची बेरीज सारखी आहे. ५,४०० रुपयांचं बिल चुकून ४,५०० म्हणून टाकलं, तर दोन्ही बाजूंना ४,५००च जातात आणि तेरीज खुशाल जुळते. बिल नोंदवायचंच राहिलं, तरीही जुळते. (न जुळणारी नोंद सॉफ्टवेअर सहसा घेतच नाही!)

मग तपासायचं कसं? बिलांचे क्रमांक ओळीने पाहा, मधला एखादा गायब आहे का. बँकेचं स्टेटमेंट कॅशबुकशेजारी ठेवून एकेका रकमेवर टिक करा. मात्र रोकड घेणाऱ्यानेच ही जुळवणी करू नये.