सफरचंदाचा लाल रंग: एक जनुक, तीन नावे

वाशीच्या फळबाजारात कलिंगड, ड्रॅगन फ्रूट आणि सफरचंद तिन्ही लाल दिसतात, पण कलिंगडात लायकोपीन असते, ड्रॅगन फ्रूटमध्ये बीटालेन आणि सफरचंदात अँथोसायनिन. इथे विषय फक्त सफरचंदाचा.

अँथोसायनिन बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुके हिरव्या वाणांतही असतात. फरक पडतो तो ती चालू करणाऱ्या एमवायबी कुळातल्या प्रथिनामुळे. असे प्रथिन बनवणारे पहिले जनुक मक्यात १९८७ मध्ये हाती लागले. सफरचंदातले २००६-०७ मध्ये सापडले आणि तिथेच घोळ झाला. सालीच्या रंगावर काम करणाऱ्या दोन गटांनी त्याला एमवायबी१ आणि एमवायबीए म्हटले, तर आतूनही लाल असणाऱ्या सफरचंदांच्या गरावर काम करणाऱ्या गटाने एमवायबी१०. तिन्ही नवव्या गुणसूत्रावर एकाच जागी निघाली. तरीही नावे तिन्ही टिकली, आणि नवख्या वाचकाला सालीचे आणि गराचे जनुक निराळे असल्यासारखे वाटते. जागेला एकच नाव ठेवून तिच्या रूपांना क्रमांक दिले असते तर हे टळले असते.

रूपांतला खरा फरक २००९ मध्ये कळला. जनुकाच्या आधीच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या भागात, डीएनएच्या २३ अक्षरांचा एक तुकडा असतो, साध्या रूपात एकदा, लाल गराच्या रूपात सहा वेळा. एमवायबी१० प्रथिन याच तुकड्यांवर बसून स्वतःचेच जनुक आणखी चालवते, म्हणून गराबरोबर पानेही लाल होतात. पैदासकाराला रोपावस्थेतच निवड करता येते. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणाऱ्या चाचणीत, या रूपाची पट्टी सुमारे शंभर अक्षरांनी लांब येते.

पण लाल गराचा दुसराही प्रकार आहे. त्याचे जनुक, एमवायबी११०ए, सतराव्या गुणसूत्रावर आहे (२०१३). त्यात पाने हिरवीच राहतात आणि वरची चाचणीही काही दाखवत नाही. फक्त पानांवरून छाटणी केली तर ही रोपे फेकली जातात. त्याची स्वतंत्र चाचणी नसेल तर फळ धरेपर्यंत काही वर्षे थांबावे लागते.

सालीच्या लाल रंगाचा संबंध नवव्या गुणसूत्रावरच्या एमवायबी१ जनुकाच्या आधी घुसलेल्या एका उडत्या डीएनएशी (जागा बदलू शकणाऱ्या तुकड्याशी) असल्याचे २०१९ मध्ये दिसले. सालीला उजेडही लागतो, कारण अंधारात एमवायबी१ प्रथिन मोडून टाकले जाते. पेटीतल्या फळावर पानाचा फिका ठसा उमटलेला असतो, तो यामुळेच. उष्ण रात्रींनीही रंग मंद पडतो.

लाल गराची मुख्य अडचण आज साठवणीची आहे. एमवायबी१० मुद्दाम जास्त चालवलेल्या झाडांच्या फळांत पिकताना इथिलीन (फळ पिकवणारा वायू) वाढले आणि शीतगृहात गर आतून तपकिरी पडला. नव्या रोपाची निवड करताना पानाच्या रंगाइतकीच साठवणीची चाचणीही घ्यावी लागते.