टाकीच्या तळाशी राहणारा कॅटफिश

घरात माशांची टाकी मांडली, की आधी रंगीत मासे येतात आणि मग 'घाण खायला' म्हणून एखादा कॅटफिश आणून सोडला जातो. त्याला वेगळं काही घालायची गरज नाही, उरलंसुरलं खाऊन तो जगेल, असं गृहीत धरलेलं असतं. या समजुतीपायी बरेच कॅटफिश हळूहळू उपासमारीने मरतात.

कॅटफिश इतर माशांची विष्ठा खात नाही. तळाशी पडलेलं खाद्य तो खातो, पण पचवून तोही बाहेर टाकतोच. म्हणजे टाकीतली घाण कमी होत नाही, उलट एका माशाची भर पडते. वरच्या थरातले मासे तरंगतं खाद्य खाली पोहोचूच देत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या घालाव्या लागतात. बऱ्याच जाती अंधार पडल्यावर जास्त हिंडतात. त्यांना दिवा मालवल्यानंतर खाद्य दिलेलं बरं.

जगात कॅटफिशच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. घरच्या टाकीसाठी माझी पसंती कोरिडोरस गटाला. हे दक्षिण अमेरिकेतले मासे, बहुतेक तीन ते सात सेंटिमीटर लांबीचे. खवल्यांऐवजी दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात. त्यांतला ठिपकेदार 'पॅलिएटस' चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांमध्ये होता आणि लिओनार्ड जेनिन्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८४२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अलीकडे, २०२४ मध्ये, या मोठ्या प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, इंग्रजीत 'जीनस') अनेक प्रजातींत विभागणी झाली, त्यामुळे काहींची शास्त्रीय नावं बदलली आहेत. हौशी मंडळी मात्र सगळ्यांना अजून 'कोरी'च म्हणतात.

कॅटफिशच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या कलिका दाटीने असतात. कित्येक जातींत त्या सगळ्या अंगावर पसरलेल्या असतात, जणू अख्खा मासा म्हणजे एक जीभच. गढूळ पाण्यात, काळोखात, डोळ्यांचा उपयोग नसतानाही अन्न सापडतं ते यामुळे. कोरी तर वाळूत तोंड खुपसतो, चिमूटभर वाळू आत घेतो, खाण्याजोगं तेवढं ठेवतो आणि बाकीची वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. हे करायला त्याला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. धारदार खडी असेल तर मिशांना जखमा होतात, आणि तळ अस्वच्छ असेल तर त्या जखमा चिघळून मिशा झिजत जातात. टाकी लावताना रोपं आणि रोषणाईचा विचार आधी होतो. कॅटफिश ठेवायचा असेल तर सुरुवात तळापासून करावी.

आता त्याच्या श्वासाबद्दल, कारण नवख्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट हीच. शांत बसलेला कोरी अचानक सरळ वर झेपावतो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरीही अधूनमधून तो हे करतोच. गिळलेली हवा आतड्याच्या मागच्या भागात जाते. तिथली भिंत पातळ असते आणि तिच्यात केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यातून प्राणवायू रक्तात शिरतो. उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. प्राणवायू कमी झालेल्या डबक्यांत तग धरायला ही सोय कामी येते. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये, झाकण आणि पाणी यांमध्ये हवेला जागा ठेवावी.

मात्र या फेऱ्या एकदम वाढल्या तर पाणी तपासावं. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो आणि तो कल्ल्यांना इजा करतो. फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतो, मग ते प्राणवायू वाहूनच नेऊ शकत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरूनच मासे आणावेत. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन याच जीवाणूंना आणि कल्ल्यांना मारक असतं, तेव्हा ते काढल्याशिवाय पाणी बदलू नये.

कोरी एकटा ठेवू नका. निदान सहा तरी असावेत. ते एकमेकांना अंगाने ढोसत एकत्र फिरतात, आणि एकटा पडलेला मासा बहुतेक वेळ लपून काढतो. पकडताना जाळी टाळावी. छातीच्या आणि पाठीच्या परांमधला (पोहण्याच्या पंखांमधला) काटा ताठ होऊन अडकून बसतो, जाळीत गुंतला तर मासा जखमी होतो. भांड्याने उचलणं सोपं. हातालाही जपावं, कारण अनेक कॅटफिशच्या काट्यांच्या आवरणात विषग्रंथी असतात.

काचेला चिकटणारा प्लेको हाही कॅटफिशच, विकत घेताना बोटाएवढा असतो. सर्रास विकल्या जाणाऱ्या जाती पुढे चाळीस सेंटिमीटरच्या वर जातात, लाल शेपटीचा कॅटफिश तर मीटरभर वाढतो. टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदीत किंवा तळ्यात सोडतात. माझ्या मते या छंदातला हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे. सोडून दिलेले प्लेको अनेक देशांच्या पाण्यात माजले आहेत, आणि विणीसाठी काठात बिळं खोदून ते काठ ढासळवतात. पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी आधी विचारा, मगच घ्या.

तब्येत चांगली असली तर कोरी घरच्या टाकीत अंडीही घालतात. थोडं थंड पाणी घालून पाणी बदललं, की त्यांना पावसाळा आल्यासारखं वाटत असावं, विणीला बऱ्याचदा तेव्हाच सुरुवात होते. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून शुक्राणू चक्क गिळते. ब्राँझ कोरी या जातीवरच्या १९९५ मधल्या एका अभ्यासात मादीच्या तोंडाशी रंग सोडून पाहिला, तर तो काही सेकंदांत आतड्यातून पलीकडे निघाला. श्वासाला मदत करणारं आतडं इथे फलनाच्या कामी येतं. शुक्राणू मादीच्या पोटाखालच्या परांनी केलेल्या खोलगट जागेत, अंड्यांपाशी पोहोचतात. मग मादी ती चिकट अंडी काचेवर किंवा पानांवर लावते. आईबाप ती खाऊन टाकतात, म्हणून अंडी वेगळ्या भांड्यात हलवावीत. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, आणि पोटाशी असलेली पीतक-पिशवी, म्हणजे अंड्यातला अन्नसाठा, संपेपर्यंत त्यांना काहीही खायला घालावं लागत नाही.