व्यवसायजन्य रोगांचा प्रारंभिक अभ्यास

कामाच्या जागची धूळ, धूर, विषारी द्रव्ये किंवा अंगाची अवघडलेली ठेवण यांमुळे जडणाऱ्या रोगांवरचे स्वतंत्र लेखन यूरोपात साधारणतः पंधराव्या शतकापासून आढळते. त्याआधीच्या काळाविषयीचे दावे जपून घ्यावे लागतात. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझच्या नावावरील ग्रंथांत खाणीतल्या एका रुग्णाचे वर्णन आहे. शिशाच्या विषबाधेची ती पहिली नोंद, असे बरेचदा लिहिले जाते. पण त्या मजकुरात शिशाचे नावही नाही. ग्रीक कवी निकँडरने (इ. स. पू. दुसरे शतक) सफेत्याच्या (शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगद्रव्याच्या) विषबाधेची लक्षणे दिली, तीही सफेता पोटात गेल्याची, कारागिराची नव्हेत. रोमन लेखक प्लिनी (इ. स. पहिले शतक) मात्र हिंगूळ (पाऱ्याचे लाल खनिज) कुटणारे कामगार तोंडावर मूत्राशयाचा सैल पडदा बांधत, असे स्पष्ट नोंदवतो.

आउग्सबुर्गच्या सोनारांसाठी वैद्य उलरिख एलेनबोग याने 1473 मध्ये धातूंच्या विषारी वाफांविषयी एक पुस्तिका लिहिली; ती 1524 च्या सुमारास छापली गेली. सोने पाऱ्यात विरघळवून तो लेप धातूवर चढवीत व तापवून पारा उडवीत. मुलामा देणाऱ्याच्या श्वासात जाई ती हीच वाफ. खाणशास्त्रावर लिहिणारा जर्मन विद्वान आग्रिकोला (1556) याने खाणीतील कोरड्या धुळीला दोष दिला आणि वारा खेळवणारी यंत्रे व चेहऱ्यावर सैल बुरखे सुचविले. कार्पेथियन खाणपट्ट्यात या रोगाने नवरे मरत गेल्यामुळे एकेका बाईला सात नवरे झाल्याचे तो सांगतो. स्विस वैद्य पॅरासेल्ससचा खाणकामगारांच्या रोगांवरील ग्रंथ मरणोत्तर, 1567 मध्ये निघाला. खाणकामगारांच्या या तथाकथित ‘डोंगररोगात’ आजच्या दृष्टीने सिलिकाजन्य (दगडाच्या बारीक धुळीने होणारा) फुप्फुसरोग, क्षय व कर्करोग एकत्र मिसळलेले असावेत. जर्मनीतील श्नेबर्गच्या खाणकामगारांचा रोग फुप्फुसातील मारक अर्बुद (कर्करोगाची गाठ) असल्याचे हेर्टिंग व हेस यांनी 1879 मध्ये दाखविले.

वरील लेखन एकेका धंद्यापुरते होते. अनेक धंदे एका पद्धतीने पाहिले ते इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी (1633–1714) याने. म्हणून व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाच्या जनकत्वाचा मान त्याला देणेच अधिक सयुक्तिक. त्याचा ग्रंथ मोदेना येथे 1700 मध्ये आला, वाढीव आवृत्ती 1713 मध्ये. रुग्णाला धंदा विचारावा, हा त्याचा आग्रह. घातक द्रव्ये आणि वेडीवाकडी हालचाल किंवा ठेवण, अशी दोन कारणे त्याने मानली. शिसे वाटून झिलई करणाऱ्या कुंभारांचे आधी हात कापतात, मग लुळे पडतात, हे त्याचेच निरीक्षण. लेखनिकांच्या विकारांत सततची बैठक, हाताची तीच ती हालचाल व मनावरील ताण हे तिन्ही त्याने धरले.

लंडनचा शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट याने 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध त्वचेच्या वळ्यांत साचणाऱ्या काजळीशी जोडला. भारतात 1923 च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या अनुसूचीत शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा आणि सांसर्गिक काळपुळी (अँथ्रॅक्स) हे भरपाईस पात्र रोग होते.