पार्श्वभूमी: अभयारण्यातली स्वयंसेवा आणि मुक्कामाची गाडी

बुद्धपौर्णिमेच्या पाणवठा गणनेला, म्हणजे मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजायला, जाणाऱ्याला मुक्कामाची चिंता नसे, कारण रात्रभर झोपायचंच नसे. सकाळी नोंदणी, दुपारपर्यंत मचाण, दुसऱ्या दिवशी नोंदींचा तक्ता जमा करून परत. पुण्याहून भीमाशंकर एस.टी.ने किंवा चौघांत एक जीप करून उरकत असे. गाडीतच राहून रानात काम करायचा प्रश्न उभा राहिला तो कामाचं स्वरूप बदलल्यावर. ते बदलायला हवं होतं का, यावर जुन्या गणनेकऱ्यांचं अजूनही एकमत नाही.

वैशाखातली पौर्णिमा निवडण्यामागचा विचार सरळ होता: ओढे आटलेले, जनावर मोजक्याच पाण्यावर येणार आणि चांदण्यात दिसणार. पण आदल्या आठवड्यात वळवाची एक सर झाली की खडकांच्या खळग्यांत पाणी साठतं आणि मचाणासमोर शुकशुकाट. ढग आले की मध्यरात्रीनंतरच्या नोंदी अंदाजपंचे. एकच कळप संध्याकाळी एका टाक्यावर आणि पहाटे दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या टाक्यावर आला तर दोन्ही तक्त्यांत चढतो. चिंकारा पाण्याला तोंड न लावता बराच काळ काढतो, त्यामुळे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात (१९९७, जेमतेम ५.१४ चौ. किमी) पाणवठ्यावरून त्याचा आकडा काढणं मुळातच लंगडं. भीमाशंकरचा शेकरू झाडावरून क्वचितच उतरतो. तो घरट्यांवरून मोजायचा म्हटलं तर एकच प्राणी अनेक घरटी बांधतो, म्हणजे तिथे भागाकार आलाच.

या गणनेची बाजू घेणारे म्हणतात, आकडा खरा नसेना का, तोच पाणवठा, तीच रात्र, तोच तक्ता वर्षानुवर्षं ठेवला तर चढउतार कळतो. मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. मात्र त्यासाठी पाणवठ्यांची संख्या तीच राहायला हवी. जिथे दर उन्हाळ्यात नवे सिमेंटचे टाके बांधले गेले आणि टँकरच्या खेपा वाढल्या, तिथे मागच्या वर्षाशी तुलना करण्यात अर्थ उरला नाही.

निर्णायक धक्का बसला तो वाघामुळे. पंजाच्या ठशांवर चालणारी मोजणी राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात वाघ दाखवत राहिली आणि २००५ मध्ये तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं. २००६ पासून देशभर नमुना पद्धत आणि कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आले. पाणवठ्यावरची रात्र त्यानंतरही चालू राहिली, पण पुढे ‘निसर्गानुभव’ या नावाने, आणि अनेक ठिकाणी शुल्क घेऊन. नाव बदललं ते प्रामाणिकपणाचंच म्हणायचं. शुल्काचं तसं नाही. पैसे भरून मचाणावर बसणारा पर्यटक झाला, आणि त्याच्या तक्त्याकडे नंतर कोणी किती गांभीर्याने पाहावं, हा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

खरं काम नव्या पद्धतीत गेलं आणि ते एका रात्रीत होत नाही. प्रत्येक बीटमध्ये (एका वनरक्षकाकडे असलेला जंगलाचा भाग) आधी तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणांसाठी रोज पाच किलोमीटर चाल. नंतर तीन दिवस सकाळी दोन किलोमीटरची सरळ रेषा चालायची आणि दिसलेल्या प्रत्येक तृणभक्षी कळपाचं अंतर रेंजफाइंडरने, कोन होकायंत्राने नोंदवायचा. त्याच रेषेवर दर ४०० मीटरला वनस्पतींची नोंद: झाडांसाठी १५ मीटर, झुडपांसाठी ५ मीटर आणि गवतासाठी १ मीटर त्रिज्या. म्हणजे किमान आठवडा हवा आणि उजाडायच्या आत रेषेच्या तोंडाशी हजर. व्हॅन गेटबाहेर, बीट वीस किलोमीटर आत, अशी विभागणी चालत नाही. म्हणूनच व्याघ्रप्रकल्पांत स्वयंसेवक वनरक्षकांच्या जंगलातल्या संरक्षण कुटीत झोपतो आणि गाडी परिक्षेत्र कार्यालयाच्या आवारात उभी राहते. गाडीतल्या मुक्कामाचा उपयोग बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत आणि सुपे, रेहेकुरी, नान्नजसारख्या माळरानांवर. तिथली कामं दिवसाची असतात: टाके घासणं, जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढायला हात लावणं, कळप मोजणं.

अमेरिकेतल्या पद्धतीशी तुलना नेहमी होते. तिथल्या वन्यजीव आश्रयक्षेत्रांत १९७८ च्या कायद्याने स्वयंसेवकांना वाट करून दिली. आठवड्याला साधारण २० ते ३२ तास काम आणि बदल्यात गाडी लावायला वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी असलेली जागा, असा व्यवहार रुळला. आपल्याकडे २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, पण ते पर्यटकाला डोळ्यापुढे ठेवून.

कायद्याची अडचण दुहेरी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २८ अभयारण्यातल्या प्रवेशाची कारणं मोजून देतं: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आतल्या रहिवाशाशी व्यवहार. त्यात श्रमदान नाही, त्यामुळे स्वयंसेवक आत जातो तो वन खात्याच्या कामाचा भाग म्हणून आणि लेखी परवानगी हातात ठेवूनच. कलम २७ सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्याला मुभा देतं. ताम्हिणी घाटात (अभयारण्य २०१३) रस्त्याकडेला व्हॅन लावून रात्र काढणारे याच मुभेचा आधार सांगतात. ही मुभा जाण्याची आहे, थांबून पलंग उलगडण्याची नव्हे.

दुसरी अडचण गाडीची. मोटर कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. बैठक व टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा या गोष्टी पक्क्या बसवलेल्या हव्यात. टेबल तेवढं काढता येणारं चालतं. मागच्या सीट काढून प्लायवुडचा पलंग ठोकलेली ट्रॅव्हलर मिनीबस या व्याख्येत आपोआप बसत नाही, आणि मूळ नोंदणीपेक्षा वेगळा बदल सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर जास्तच अडचणीचा ठरतो.

उरतो रोजचा संसार. दोन माणसांना काटकसरीने दिवसाला २० ते २५ लिटर पाणी लागतं, म्हणजे १०० लिटरची टाकी चार दिवस. २०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची, साधारण १२०० वॉट-तास. मे महिन्यात फ्रिजचा काँप्रेसर जवळपास बंदच होत नाही, त्यामुळे पंख्यासह ती दीड दिवसही पुरत नाही. छतावर सोलर असेल आणि गाडी सावलीत लावली तर चार्जिंग मरतं; उन्हात लावली तर आत बसवत नाही. म्हणून सुटं पॅनेल आणि दहा मीटर जाड केबल बरी. केबल बारीक घेतली तर व्होल्टेज वाटेतच पडतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम, तेव्हा चूल किंवा शेकोटीचा विचारही नको. भांड्यांचं पाणी टाक्याच्या किंवा ओढ्याच्या उतारावर सोडायचं नाही. खरकट्याच्या वासाने रानडुकरं गाडीभोवती फिरू लागतात. कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायचं शौचालय) दोघांत दोन-तीन दिवसांत भरतं. त्यात फॉर्मल्डिहाइडचं निळं रसायन असेल तर गावातल्या शाळेच्या सेप्टिक टँकमध्ये ते ओतू नये, कारण तिथले जिवाणू मरतात आणि टाकी तुंबते ती स्वयंसेवक गेल्यावर. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडं टॉयलेट वापरलं तर हा प्रश्न येत नाही, फक्त लघवी वेगळी साठवावी लागते.